व्हर्जिनिया हरल्यानंतर

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

गेलं! व्हर्जिनिया गेलं. चहा उकळेपर्यंत गव्हर्नरपद गेलं, आंघोळ होईपर्यंत न्यू जर्सी. न्यूयॉर्कची आशा नव्हतीच. गेल्या वर्षी याच आठवड्यात अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद जिंकलं म्हणून मी भावाचे, लेस्लीचे, दोन्ही हात धरून स्वयंपाकघरात नाचले होते. आणि आज हे!

पप्पा वाडीतून सोनचाफा काढून आले. माझं तोंड बघून टोपली हातातच राहिली. "कोण गेलं?"

"आपण हरलो, पप्पा."

"आपण म्हणजे कोण?"

काय सांगणार? पप्पांना एवढंच ठाऊक, की पोरगी घरी बसून अमेरिकेतल्या कुणाचे तरी व्हिडिओ नीट करून देते. क्लेटनचं नाव घरात कुणालाच सांगितलेलं नाही. करारच तसा आहे – काम कोण करतं ते बाहेर बोलायचं नाही. एलिसालाही नाही सांगितलं. ती तर तिथेच, व्हर्जिनियातच राहते. सख्खी बहीण!

आजच्या रेकॉर्डिंगमध्ये क्लेटन रडला. तेवढा भाग ठेवला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम केलं. बाकी काही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

देवळात मिस्सा झाल्यावर इनेझ आंटीने विचारलं, "काय गं शर्ली, घरात कुणी आजारी आहे का?" म्हटलं, नाही. खरं सांगितलं असतं तर हसली असती. वसईतल्या वटारमधल्या बाईला न्यू जर्सीच्या आणि व्हर्जिनियाच्या मतमोजणीने ताप येतो – हसण्यासारखंच आहे.

पण लेस्ली हसण्यासारखा नाही. माझा भाऊ एकोणतीस वर्षांचा झाला, अजून त्याच्या बुटाची नाडी मी बांधते. डाउन सिंड्रोम. आज जगात कितीतरी ठिकाणी अशी मुलं पोटातच संपवतात, आणि त्याला हक्क म्हणतात. व्हर्जिनियात तर आता तो हक्क थेट राज्यघटनेत घालायला निघालेत. क्लेटनची मुलगी लेस्लीसारखीच आहे. पाच वर्षांपूर्वी मी त्याचा पहिला व्हिडिओ बघितला तो तिच्याबद्दलचा. तिला मांडीवर घेऊन बोलत होता. त्याच दिवशी मी त्याला लिहिलं, की तुमचं एडिटिंग फार वाईट आहे, मी करून देते.

मम्मी शेवटच्या आजारात होती तेव्हा त्याने कार्यक्रम थांबवून सगळ्यांना तिच्यासाठी रोझरी म्हणायला सांगितलं होतं. "सालोमी" हे नाव त्याला धड उच्चारताही आलं नाही. हजारो अनोळखी माणसांनी माळ धरली माझ्या आईसाठी.

तो माणूस वाईट नाही. हे मला लिहून ठेवायचंय. पुढे काय होईल कोण जाणे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बघणारे कमी होताहेत. हरलेल्यांचं कोण ऐकतं! दोन जाहिरातदार सुटले.

पूर्वी क्लेटन शाळांवर बोलायचा, कुटुंबावर, न्यायालयांवर. मुद्दा धरून. मी त्याच्याकडूनच शिकले सगळं. आता रोज नवा चोर शोधतो. परवा स्वतःच्याच पक्षाचे पुढारी. काल बँकवाले. आज – भारतातून आलेले. व्हिसावर येतात, वस्त्याच्या वस्त्या भरतात, म्हणून व्हर्जिनिया गेलं म्हणे.

हेडफोन लावून ऐकत होते. "दे… दे… दे…" इंग्रजीतलं. म्हणजे ते, ते, ते.

मग त्याचा फोन. "शर्ली, तुझ्याबद्दल नाही हं हे. तू आपल्यातली आहेस."

आणि मला बरं वाटलं! इथे तरी खरं लिहावं – बरं वाटलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज छोटी क्लिप काढायची होती. तासाभराच्या बडबडीतून एकच जागा धारदार होती. "ते येतात, नोकरी घेतात, घर घेतात, आणि मग आपल्याच विरोधात मत देतात."

त्यावर तो थांबला. पाणी प्यायला. म्हणाला, "सगळेच नाहीत. हा कार्यक्रम माझ्यासाठी घडवते ती बाईसुद्धा तिकडचीच आहे. तिच्याइतकी प्रामाणिक कॅथलिक मी पाहिली नाही." आणि मग पुन्हा पहिल्या सुरात, "पण हा देश कुणाचा, हे आता ठरवायला हवं."

मधलं कापलं.

क्लिपमध्ये अडखळणं चालत नाही, हे एक. आणि दुसरं – मला तिथे यायचं नव्हतं. त्या वाक्यांच्या शेजारी मी नको. जोड इतकी बेमालूम झाली, की पाणी प्यायल्याचंही कळत नाही.

पाठवून दिली. छान झालीय. हेच वाईट आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लाखांवर लाख! पाच वर्षांत आमचं एवढं कुणी बघितलं नव्हतं. क्लेटन म्हणतो, "जीनियस!" खालच्या कमेंट वाचायला घेतल्या. "हाकला." "घाणेरडे." एकाने नुसता विमानाचा फोटो टाकलाय. लोक हसताहेत त्याच्यावर.

लॅपटॉप बंद केला आणि लेस्लीबरोबर वाडीत जाऊन बसले. तो केळीच्या पानावर बोटाने स्वतःचं नाव काढत होता. मला म्हणाला, "दीदी, रडू नको." मी रडत नव्हते. बहुतेक.

रविवार, २३ नोव्हेंबर. ख्रिस्तराजाचा सण.

मिरवणुकीहून आलो. फोन बघते तर घरच्या ग्रुपवर एलिसा. तीच क्लिप! खाली एकच ओळ – "बघा, इथे आता असं चाललंय."

पप्पांनी खुर्ची बाहेर ओढली, चष्मा लावला आणि पुन्हा पुन्हा बघितली. "काय बोलतोय गं हा?" मी मराठीत सांगितलं. माझ्याच तोंडाने! पप्पांचा चेहरा उतरला. "गळ्यात क्रूस घातलाय की याने. कॅथलिक आहे?"

"हो."

"आणि असं बोलतो?"

मेलरॉयने लिहिलं, "इग्नोर करा, पप्पा." एलिसाचा नवरा, भांडण त्याला कधी जमलंच नाही. सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. मी हात जोडलेली खूण टाकली.

हात जोडलेली!

सोमवार, २४ नोव्हेंबर

नको.

रविवार, ३० नोव्हेंबर

नाताळआधीचा आगमनकाळ लागला. देवळात पहिली मेणबत्ती.

संध्याकाळी एलिसाचा व्हिडिओ कॉल. तिची जोआना शाळेतलं काहीतरी दाखवून पळाली. मग एलिसा हळूच म्हणाली, "पप्पा आहेत का जवळ?" म्हटलं, नाहीत.

तिच्या शेजारची पेगी. त्या दोघींच्या अकरा वर्षांच्या गप्पा, बरण्यांची देवाणघेवाण. जोआना झाली तेव्हा पेगीच हॉस्पिटलात बसून होती. परवा चर्चनंतर कॉफी घेताना तिने एलिसाच्या दंडावर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "तुम्ही लोक परत कधी जाणार? काही ठरलंय का?"

"ओरडली असती तर मी भांडले असते गं," एलिसा म्हणाली. "ती इतकी प्रेमाने विचारत होती! म्हटलं, अजून नाही ठरलं."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"शर्ली, तू काहीच बोलत नाहीस."

"काय बोलू?"

ती स्क्रीनच्या आणखी जवळ आली. "काही नाही. जेव जा."

गुरुवार, ४ डिसेंबर

क्लेटनला लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विरोध करून. मी कापलेला भाग परत टाकून पूर्ण क्लिप सोडू या. माझं नाव आलं तरी चालेल. बहिणीबद्दलही लिहिलं. ती कुठे राहते, काय झालं, सगळं.

त्याचा फोन आला. आवाज थकलेला. "तुझ्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं. मी प्रार्थना करेन." मग म्हणाला, "पण ते वाक्य आता सोडता येणार नाही. आज जे माझं ऐकताहेत त्यांना कळलं, की माझा कार्यक्रम भारतातून होतो – तर संपलं."

"पण तुम्ही ते बोलला होतात ना? मनापासून?"

"मनापासूनच बोललो होतो, शर्ली. आणि तू मनापासून कापलंस."

फोन मीच ठेवला.

शनिवार, ६ डिसेंबर

कुमसाराला, पापं कबूल करायला, गेले. सगळं सांगितलं. फादर पलीकडून म्हणाले, "जे बिघडवलंस ते नीट करता येतंय का बघ." सोपं वाटतं जाळीच्या त्या बाजूला बसून.

सोमवार, ८ डिसेंबर

पप्पा आज गोखिवऱ्याहून रिक्षाने आले ते संतापूनच. महापालिकेची निवडणूक येणार म्हणून कुठे तरी सभा होती. ओट्यावर बसून सुरू – "हे टॉवरवाले! कुठून कुठून येतात, आपलं पाणी घेतात, जमिनी घेतात, आणि मत भलत्यालाच देतात. गाव कुणाचं, हे एकदा ठरवायलाच पाहिजे."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. वाक्य जवळजवळ तेच!

"पप्पा, एलिसा तिकडे कोण आहे मग?"

"एलिसाचं इथे काय?"

"ती तिथली टॉवरवालीच आहे."

पप्पा रागावले नाहीत. पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "ती आपली पोर. ते वेगळं." थोड्या वेळाने, "टॉवरसाठी टँकर भरून भरून विहिरीचं पाणी खारं झालंय, ते खोटं आहे का मग?"

खोटं नाही. तेच तर आहे. पप्पांची विहीर खोटी नाही, क्लेटनची भीतीही सगळी खोटी नाही. त्याच्या गावातला कारखाना बंद पडलेला मी त्याच्याच व्हिडिओत बघितलाय. मला अजूनही वाटतं, देशाला दार असावं, घराला असावं, पोटातल्या बाळाला कायद्याने जपावं. यातलं एकही मी सोडलेलं नाही. पण हे सगळं धरून ठेवायला ज्यांचा हात धरला होता त्यांना माझा हात लपवलेलाच हवा.

मग मी कुठली? तिकडे "ते". इथे मतदार यादीत नाव आहे की नाही, तेही माहीत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

केलं.

सकाळी उजाडताना चॅनेलवर पूर्ण भाग टाकला. "सगळेच नाहीत" पासून "पाहिली नाही" पर्यंत सगळं. पाणी पिणंसुद्धा. खाली लिहिलं – हे वाक्य मी कापलं होतं. मी शर्ली. वसईची. हा कार्यक्रम पाच वर्षं मी घडवलाय.

लेस्ली शेजारी बसून पाव खात होता.

शनिवार, १३ डिसेंबर

काल दुपारपर्यंत व्हिडिओ काढून टाकलेला, माझा पासवर्ड बंद. पण लोकांनी तोवर उचलला होता. क्लेटनला शिव्या – परक्यांना पोसतो म्हणून. मला शिव्या – त्या लिहीत नाही. इकडूनही! "एवढी वर्षं त्याचं खाल्लंस, तेव्हा लाज नाही वाटली?" कुणाचं चुकलंय यात?

क्लेटनचा एकच निरोप. "मुलीला फोनवरचा तुझा आवाज आवडायचा. तिला काय सांगू?"

चिडला असता तर बरं झालं असतं.

पप्पांना सगळं सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच विचारलं, "एलिसाला कळवलंस?"

नाही कळवलं. धीर झाला नाही. फिरत फिरत जाईलच तिच्यापर्यंत.

रविवार, १४ डिसेंबर

एलिसाचा मेसेज –

"मे महिन्यात घरी आले होते तेव्हाच तुझ्या स्क्रीनवर त्याला बघितलं होतं. ग्रुपवर क्लिप टाकली ती पप्पांसाठी नव्हती, तुझ्यासाठी होती. तीन आठवडे वाट बघितली. तू जगाला सांगितलंस, शर्ली. मला नाही."