आरसा, तलवार आणि देवीचे टाक

टार्निट, मेलबर्न,
७ सप्टेंबर २०२५

ती. सुलोचनाआत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इथे वसंत लागला म्हणतात, पण आई अजून हीटरला चिकटून बसते. बाबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरणही एकदाचं लिहून झालं. "जपानच्या त्या जुन्या राजांनी तुला काय दिलं?" असं तू नेहमी विचारतेस ना, आज सांगतेच.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, काकाचा रुद्र कामासाठी मेलबर्नला येतोय, देवीचे चांदीचे टाक त्याच्याकडे दे, घराण्याचा मुलगा आता तोच. मग तू रडायला लागलीस आणि माझं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. मागोमाग रुद्रचा फोन. "चिल यार, मला काही इश्यू नाही. लॅपटॉपच्या बॅगेत मावतील ना?" आत्या, चार्जरशेजारी भवानी!

तर ऐक. तेराशे वर्षांपूर्वी जपानात जितो नावाची बाई सम्राट झाली. आधी नवरा गेला, मग मुलगाही. राज्यारोहणाच्या दिवशी पुरोहितांनी देवांचं स्तवन म्हटलं, पवित्र आरसा आणि तलवार तिच्या हाती दिली. सगळे दरबारी रांगेने उभे राहिले, वाकले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी नव्या भाताचा नैवेद्य तिनेच देवांना दाखवला. तू म्हणशील, तात्पुरती बसली असेल. खरंय, सात वर्षांनी तिने गादी नातवाला दिली. पण तिच्यासाठी कुणी विधी अर्धा केला नव्हता.

"दादाचीही हीच इच्छा होती," असं तू म्हणालीस, तेव्हा मी लाइन खराब असल्यासारखं केलं. लाइन ठणठणीत होती.

मला माहीत होतं गं. हॉस्पिटलमध्ये मी त्यांना सरळ विचारलं होतं, "बाबा, घट मी बसवू?" मला रोज स्टेशनवर सोडणारे, थीसिसचं पान न् पान वाचणारे बाबा म्हणाले, "नको बेटा. रुद्रला दे." मी हो म्हटलं नाही. त्यांचा हात धरून बसून राहिले आणि मनातून भयंकर चिडले. अजून चिडलेलीच आहे. त्यांची आठवण आली की रडूही येतं आणि रागही येतो.

टाक मी देणार नाही. लेकीने बापाचा शब्द मोडला असं म्हण हवं तर, ते खरंच आहे. गेल्या वर्षी देवी कपाटात राहिली, यंदा राहणार नाही. माती मागच्या अंगणातून घेतलीय, आईने गहू आणलेत. धुपाने स्मोक अलार्म बोंबलेल, तेव्हा आई खाली टॉवेल हलवत उभी राहील. रुद्रने आरतीला यावं, पोटभर जेवून जावं.

तुला सगळ्यांनी आयुष्यभर पुरण वाटायला बोलावलं आणि पूजेच्या वेळी मागे उभं केलं. मी लहान होते, पण बघत होते. तुला ते कधीच लागलं नाही, असं मला सांगू नकोस.

रागावलीस तरी दसऱ्याला तुलाच पहिला फोन करीन.

यंदा घट बसवणारी
तुझी उर्वी