रोमची रांग आणि बाबांचा सूट

रविवार, ४ ऑक्टोबर १९८७. हाउन्सलो

वही ऑगस्टात घेतली, उघडतेय आज. दोन महिने नुसतं उद्या-उद्या! निबंधाचंही तेच. संध्याकाळच्या क्लासला वीस तारखेला द्यायचाय — टवाळखोर लिखाणातून दिसणारं जुनं रोम. हाही क्लास सोडला तर चौथा होईल. बाबा म्हणायचे, "वैजू, तू आत येतेस तीच दुसरं दार शोधत."

पेन शोधताना बटणांचा डबा सापडला. रंगांप्रमाणे लावत बसले. गेला तास!

मंगळवार, ६ ऑक्टोबर

काय माणूस आहे हा! नाव अजून जिभेवर बसत नाही, म्हणून नुसता ‘रोमन’. एकोणीसशे वर्षांपूर्वी टोमणे मारून गेला आणि मी आज बसमध्ये हसतेय — माझा स्टॉप चुकला. राजांच्या लढाया त्याला नकोतच. गर्दीत कोणाचं कोपर बरगडीत बसतं, भाड्याच्या खोल्या कशा कलल्यात, ते सांगतो. आमच्या टीचर मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या, तो फुगवून सांगतो हं, सगळं खरं धरू नका. मान्य. पण फुगवायलाही आधी नीट बघावं लागतं ना!

गुरुवार, ८ ऑक्टोबर

कामावर सकाळभर विमानाचे फर्स्ट क्लासचे ट्रे भरले. सॅमन, लिंबाची फोड, कापडी नॅपकिन. दुपारी इकॉनॉमीचे — कोरडा रोल, बटरची टिकली. विमान एकच! रोमनकडे अगदी हेच: एकाच पंगतीत यजमानाला ताजा मासा, गरीब पाहुण्याला दगडासारखा पाव. बेल्टवर शेजारी उभ्या असलेल्या सीमाला सांगितलं.

"तुझा रोमन हीथ्रोला कामाला होता काय गं? हात चालव, सुपरवायझर बघतोय."

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

पहाटे भयंकर वादळ. आमच्या छपराची कौलं रस्त्यात. रोमनही वरून पडणाऱ्या कौलांवर चिडतो! मला हसू फुटलं. घरमालकीण रेखाताई भडकल्या — "कौन्सिलला फोन लागेना, आणि हिला दात काढायला सुचतंय!"

कामाला गेलेच नाही. वाचत बसले. सकाळच्या रांगेचं प्रकरण आलं. गरीब माणसं उजाडायच्या आत अंगावर रिवाजाचा पोशाख म्हणून जाड लोकरीचा टोगा गुंडाळून श्रीमंताच्या दारात नमस्काराला उभी. बदल्यात टोपलीभर खाणं.

पुस्तक मिटलं. हे मी पाहिलंय.

बाबा. दर रविवारी हॅरोहून स्टॅनमोरला, मोठ्या ओळखी असलेल्या डॉक्टरसाहेबांकडे. तपकिरी सूट. भिंतीवरच्या सुटाबुटातल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत टाय बांधायचे. मग डॉक्टरांच्या हॉलमध्ये उभे — "गुड मॉर्निंग, डॉक्टरसाहेब." दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या मुलीच्या वाढदिवसाला मी सगळ्यांसमोर बाबांची नक्कल केली. कोटाचं बटण चाचपणं, गुड मॉर्निंग, सगळं! डॉक्टर तर डोळे पुसत हसले. बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी सूट हँगरला लावला आणि म्हणाले, "नक्कल छान केलीस."

एवढंच. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली. नॉटिंगहॅम, लीड्स, आता इथे. हॅरो तासाभरावर, आणि तेव्हापासून बोलणं नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

निबंध दिला! विश्वास बसत नाही.

मिसेस प्रॉक्टरना विचारलं, रोमन स्वतः त्या रांगेत उभा राहिला असेल का? म्हणाल्या, त्याच्या आयुष्याबद्दल खात्रीनं फारसं माहीत नाही, पण टोगा इतका टोचतो हे बाहेरून बघून कळत नाही.

म्हणजे तो रांगेत उभा राहून हसत होता. म्हणून इतका खरा! आणि मी? माझ्या शाळेसाठी, पहिल्या नोकरीसाठी शिफारस डॉक्टरांचीच. ती टोपली बाबा माझ्यासाठी आणत होते. मी टोपलीतलं खाऊन हसले.

बुधवार, २१ ऑक्टोबर

बाबांना पत्र टाकलं. तीन पानं. रोम, रांग, टोगा. ‘तो सूट म्हणजे तुमचा टोगा होता बाबा, माझ्यासाठी सोसलात’ — असं लिहिलंय. माफी अगदी शेवटच्या ओळीत. तिथपर्यंत वाचतील ना?

मंगळवार, २७ ऑक्टोबर

निबंधाला बी प्लस. ‘पुढचा कोर्स करच’ असा शेरा. सांगायला कोणी नाही. पत्राला उत्तर नाही.

रविवार, १ नोव्हेंबर

रेखाताई खालून ओरडल्या, "वैजयंती, अगं तुझे वडील आलेत!" आणि बाबांचा आवाज — "असू द्या, सावकाश येऊ दे तिला."

जिन्यावरून वाकून पाहिलं. तपकिरी सूट! टाय, बुटांना पॉलिश. इथे डॉक्टर नाहीत, नोकरी नाही, मागायचं काहीच नाही — आणि तरी तोच सूट.

चुकीचं लिहिलं मी पत्रात. तो टोगा नव्हताच. टाय बांधताना बाबा बघायचे ते फोटोतल्या बाबासाहेबांकडे, डॉक्टरांकडे नाही.