शेवटून दुसरं वर्ष

बॅलरॅट, १० फेब्रुवारी

चि. ब्रॉनविन हिस अनेक आशीर्वाद.

वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेला २१ मार्चला बसतेस आणि केंद्रही इथलंच मिळालं, हे वाचून दोनदा चष्मा पुसला. मागची खोली झाडून ठेवली आहे. सकाळी टोस्ट आणि त्यावर खारट व्हेजिमाइटचा लेप, बाकी लाड नाहीत. भरल्या पोटी मुली पेंगतात, असं आमच्या शाळेच्या सिस्टर ऑगस्टीन म्हणायच्या. मला डॉक्टर व्हायचंय म्हटल्यावर त्यांनीच नर्सिंगचा अर्ज हातात ठेवला होता. चाळीस वर्षं नर्स म्हणून सुखात गेली, तरी तो कागद आठवतो. म्हणून तुझ्यामागे घाई लावते. माझ्या हृदयाची झडप कुरकुरते आहे, आणि तुला डॉक्टर झालेली बघायचं आहे.

तुझ्या बाबाला सांग, बहिणीला फोन केल्याने बोट झिजत नाही.

तुझी वाट पाहणारी,
मोइरा आत्या

हॉर्शम, २४ फेब्रुवारी

ती. मोइरा आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, घोटाळा झालाय. पदवीच्या शेवटून दुसऱ्या वर्षात असल्याशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही. तीन वर्षांची पदवी, माझं दुसरं वर्ष, म्हणून मी अर्जावर बेलाशक खूण केली. पण गेल्या वर्षी बाबा ट्रकवरून पडले, मेंढ्यांची कातरणी माझ्यावर आली आणि मी आठांपैकी चारच विषय घेतले. काल बाबा एका मेंढीचा जबडा उघडून मला म्हणाले, हिचं वय कॅलेंडरात नसतं, दात मोज. मी आत जाऊन माझी गुणपत्रिका काढली. विषय मोजले तर पदवीला चार वर्षं लागणार, आणि शेवटून दुसरं वर्ष उजाडणार ते पुढच्या वर्षी.

कदाचित कुणी विचारणारही नाही. विचारलं तर निकाल रद्द, आणि पुन्हा बसू देतील की नाही कोण जाणे. नाव मागे घ्यायला ६ मार्चपर्यंत मुदत आहे. तू बस म्हणालीस तर बसेन.

तुझी, घाबरलेली,
ब्रॉनविन

बॅलरॅट, २८ फेब्रुवारी

चि. ब्रॉनविन हिस आशीर्वाद.

आधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात 'बस' असं होतं. ते चुलीत गेलं. पाकिटावर तिकीट लावताना माझाच हात थांबला. घाई माझी होती, आणि भोगणार होतीस तू.

आजच परीक्षेच्या कार्यालयात फोन कर. चारच विषय का घेतले तेही सांग, पण रडगाणं नको. खोली झाडलेलीच राहील.

तुझ्यावर रागावलेली नाही, हे लक्षात ठेवून लगेच लिही.
मोइरा आत्या

हॉर्शम, ४ मार्च

ती. आत्यास सा. न.

फोन केला. तिथल्या बाई शांत होत्या. नाव काढलं, पुढच्या मार्चला बसायला हरकत नाही म्हणाल्या. फोन ठेवून मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडले. बाबांनी चहा आणून दिला.

मग, परवा तुला फोन केला तेव्हा कळलेलं तुझं गुपित त्यांनी फोडलं. झडपेची शस्त्रक्रिया २३ मार्चला होती आणि माझ्या परीक्षेत व्यत्यय नको म्हणून तू ती पुढे ढकललीस. आत्या, ती तारीख आजच परत माग. मिळाली की मी येतेच आहे, टोस्ट मी करीन. आता एक वर्ष थांबायचंय, आणि ते मला एकटीने काढायचं नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ब्रॉनविन