भिंतीतल्या भोकासह सर्व मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा लाकडाचे कातकाम, शुद्धीवर राहून आणि कोणाच्या दडपणाशिवाय माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे लिहून ठेवत आहे. चार वर्षांपासून माझे हात थरथरतात. डोके थरथरत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हातांमुळे सहीपलीकडे मला लिहिता येत नसल्याने मी तोंडी सांगतो आणि कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टबाई घरी येऊन टाइप करतात. जे सांगेन ते सगळे उतरवायचे, असे मी त्यांना आधीच बजावले आहे. "काका, मृत्युपत्रात गोष्टी सांगत नाहीत," असे त्या आतापर्यंत दोनदा म्हणाल्या. तेही उतरवा म्हटले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि तब्येत पाहता शेवटचेच.

कलम १. वडिलांचे घर मधोमध भिंत घालून आम्हा दोन भावांत वाटले गेले. डावा भाग थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, आणि उजवा माझा. माझा भाग, पुढच्या खोलीतल्या माझ्या कामाच्या जागेसह, पत्नीला मिळावा व तिच्यानंतर मुलीला. बँकेत जे असेल तेही पत्नीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. सेहेचाळीस वर्षे तिने डोक्याला लावायच्या तेलाइतकाच लाकडाचा भुसा केसांत वागवला, याबद्दल मी तिला कधी चार शब्द बोललो नाही. ते इथे बोललो असे धरावे.

कलम २. लहान लेथ, अकरा पटाशा आणि धार लावायचा दगड मुलीला. मुलगी दातांची डॉक्टर आहे. म्हणजे भोके पाडायचे कसब घराण्यात राहिले, फक्त गिऱ्हाईक आता ओरडते. तिला लेथ विकायचा असेल तर विकावा, मी वर बसून नावे ठेवणार नाही. पटाशा मात्र विकू नयेत. त्यांच्या मुठी माझ्या हाताच्या मापाने झिजल्या आहेत, दुसऱ्याच्या हातात त्या बसायच्या नाहीत.

कलम ३. बाजारातल्या दिवेवाल्याने माझे बावीस उभे दिवे परत पाठवले, कारण आतले भोक वाकडे आणि वायर मध्येच अडकते. पाठवताना निरोप दिला की म्हातारपणी माणसाने झेपेल तेच करावे. ते बावीस दिवे माळ्यावर आहेत. ते सगळे त्यालाच द्यावेत. त्याने ते दुकानात मांडावेत आणि रोज बघावेत. भोके वाकडी होती हे खरे आहे. निरोप तरीही द्यायला नको होता.

कलम ४. आता लांब ड्रिल. ते कोणाला द्यायचे हे सांगण्याआधी ते काय आहे हे सांगितले पाहिजे, नाहीतर भंगारवाला नेईल.

तीन फुटी दिव्याच्या खांबातून वायर जायला आरपार भोक लागते. साधे लांब ड्रिल लाकडात सरळ जात नाही, रेषांच्या कलाने वाहवत जाते. म्हणून आम्ही कातारी अर्धे भोक या टोकाने पाडतो, अर्धे त्या टोकाने, आणि मध्ये दोघांची गाठ पडेल अशी आशा करतो. दादा यंत्रांच्या कारखान्यात होता. तिथे पोलादात खोल भोक पाडायचे साडेतीन फुटी ड्रिल असते, गन ड्रिल म्हणतात. त्याला एकच सरळ खाच असते आणि ते पोटातून पोकळ असते. पोकळीतून तेल सोडले की ते टोकाशी निघते आणि कीस घेऊन खाचेतून परत येते, त्यामुळे ड्रिल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. टोक झिजलेले असे एक ड्रिल कारखान्याने टाकून दिले, ते दादाने रीतसर मागून आणले.

लाकडाला तेल चालत नाही. तेलाच्या जागी हवा सोडायची, ही अक्कल दादाची. पंक्चरवाल्याचा जुना काँप्रेसर घेतला. लेथवर लाकूड फिरते ठेवायचे, त्याच्या तोंडाशी आधी आखूड ड्रिलने बोटभर भोक पाडायचे म्हणजे लांब ड्रिलला वाट कळते, आणि मग पितळी बुशमधून, म्हणजे आधाराच्या नळीतून, लांब ड्रिल न फिरवता नुसते पुढे सारायचे. सगळे जमले आणि मग लक्षात आले की लेथ पडला लहान, त्याच्या शेपटाला भिंत, आणि ड्रिल मागे घ्यायला जागाच नाही. मी डोक्याला हात लावून बसलो. दादा म्हणाला, "भिंत कुणाची? आपलीच ना?" आणि त्याने भिंतीला भोक पाडले.

भोक निघाले ते वहिनीच्या ओट्याच्या वर. त्यानंतर सहा वर्षे मी या बाजूला लाकूड सांभाळायचो आणि दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ड्रिल सारायचा. हवेचा कॉक माझ्याकडे, कारण काँप्रेसर माझ्या खोलीत. वहिनी पातेल्यांवर झाकणे ठेवून म्हणायची, "भावजी, तुमचे दिवे लागोत, पण माझ्या आमटीत नको." एकही भोक वाकडे गेले नाही. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे कोणती असे कोणी विचारले तर ही सहा.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. टायपिस्टबाईंचे यावर म्हणणे होते. ते मी ऐकून घेतले.

आमचा नियम असा होता: हवा सोडण्याआधी मी भिंतीवर तीन ठोके द्यायचे, दादाने तिकडून तीन द्यायचे, मगच कॉक फिरवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी चाळीस दिव्यांचे काम होते. एकतिसाव्या दिव्याला ड्रिल तुंबले. दादाने ते आपल्या बाजूला ओढून घेतले आणि टोकातला भुसा तारेने काढायला बसला. सकाळपासून तो मला घाई करू नको म्हणत होता आणि ते मला झोंबले होते. मी कॉक फिरवला. टोकातला भुसा आणि लाकडाची कपची दादाच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा वाचला नाही.

दवाखान्यात नातेवाईक जमले तेव्हा मी म्हणालो, "मी ठोके दिले होते. दादाच्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे, तीस वर्षं त्या कारखान्याच्या खडखडाटात काढली त्याने." सगळ्यांना पटले. दादा पट्टीखालून एकदाच म्हणाला, "ठोके आले नाहीत." त्यावर कोणीतरी त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "असू दे, असू दे." तेव्हापासून लोक त्याच्याशी ओरडून बोलतात. महिन्याभराने त्याने भोक सिमेंटने बुजवले आणि आमचे बोलणे बंद झाले.

मी लिहून देतो की त्या दिवशी मी एकही ठोका दिला नाही. दादाला ऐकू येत होते.

हे सांगायला मी तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा कुलूप होते. एकदा वहिनीने दार उघडले आणि मी चमचाभर साखर मागून परत आलो. तिसऱ्यांदा वहिनीच वारली होती, आणि त्या दिवशी मी जमलेल्या माणसांच्या मागे उभा राहिलो. भिंतीपलीकडे तो खोकला तरी मला ऐकू येते. आता त्याचा दुसरा डोळाही वयाने अधू झाला आहे. भांडे पडले की बराच वेळ चाचपडण्याचा आवाज येतो, आणि मी इकडे बसून तो ऐकतो. उठून जावे असे वाटते. पाय जातात, दारापाशी थांबतात. यापलीकडे माझ्याने काही झालेले नाही.

कलम ६. लांब ड्रिल दादाला द्यावे, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. सोबत असेही ठरवले होते की साक्षीदार म्हणून दादालाच बोलवायचे. कारण दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने तो या घरात पाऊल टाकणार नाही, पण कागदाच्या कामाला नाही म्हणणारा तो माणूस नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्ष करतो त्याला त्यातून काही मिळत नाही. दिले तरी ते रद्द होते. म्हणजे ड्रिल द्यावे तर दादा येणार नाही, आणि दादा यावा तर ड्रिल देता येणार नाही. दोन दिवस मी यापायी जेवलो नाही, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला आठवत नाही.

शेवटी ते कलम खोडले. लांब ड्रिल पत्नीला देत आहे. ती एकोणीस वर्षे मला न सांगता मागच्या दाराने दादाकडे वाटी पोचवत आली आहे. मला ते पहिल्या आठवड्यातच कळले होते. ड्रिलचे काय करायचे ते तिला सांगावे लागणार नाही.

कलम ७. भिंतीतले भोक. ते उघडावे अशी माझी इच्छा आहे, पण तसा हुकूम मला करता येत नाही. भिंतीची माझ्या बाजूची अर्धी जाडी माझी, पलीकडची त्याची. मी माझी अर्धी फोडली तरी भोक अर्धेच होईल. माझ्या बाजूचा गिलावा मुलीने काढून ठेवावा. पुढचे माझ्या हातात नाही.

येथे मजकूर संपला. वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही (थरथरती, पण माझीच)

ताजा कलम. सहीनंतर लिहिलेले कायद्याने धरले जात नाही, असे टायपिस्टबाई म्हणतात. न धरू दे.

दादा अकरा वाजता आला. पत्नीने हात धरून आणला. सहीआधी साक्षीदारांना सगळे वाचून दाखवायचे, असे मी सांगितले होते. बाई दादाच्या कानाशी जाऊन ओरडून वाचू लागल्या. पाचवे कलम त्यांनीच टाइप केले होते, तरी म्हातारा दिसला की माणूस ओरडतोच. दादा म्हणाला, "हळू वाचा बाई. कान शाबूत आहेत माझे."

बाईंनी हळू वाचले. पाचवे कलम वाचताना त्या दोनदा थांबल्या. मी दादाकडे बघू शकलो नाही, त्याच्या चपलांकडे बघत होतो. त्या उलट्या पायांत होत्या. वाचून झाल्यावर त्याने खुर्चीच्या कडा चाचपल्या. मला वाटले उठून जाईल. गेला असता तर मी काय केले असते? काहीच नाही.

मग मी सही केली. खुर्चीतून पुढे वाकून दादाने डाव्या डोळ्याने ती अगदी जवळून पाहिली. बाईंनी त्याच्या हातात पेन दिले. तो म्हणाला, "सही कुठे करायची? मला ओळ दिसत नाही."

बाई दाखवायला पुढे झाल्या. पण माझे बोट आधीच कागदावर गेले होते. ते ओळीवर ठरेना.

"बोट हलवू नकोस रे," दादा म्हणाला.

"दादा, थांबत नाही ते."

त्याने डाव्या हाताने माझे बोट चाचपून शोधले, कागदावर दाबून धरले आणि त्याच्या शेजारी सही केली. सही झाल्यावर पेन खाली ठेवले. बोट अजून सोडलेले नाही, म्हणून हे मी एवढेच सांगून थांबतो.

साक्षीदार १: थोरला भाऊ, निवृत्त कारखाना कामगार, राहणार भिंतीपलीकडे. (सही ओळीच्या थोडी खाली गेली आहे.)

साक्षीदार २: टायपिस्ट, कचेरीबाहेर. (वरील सर्व माझ्यासमोर घडले.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, लेथशेजारी
दिनांक: मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६