उलटा फिरलेला चुंबक

जळगाव, रविवार

प्रिय मेघा,

फोनवर हे बोलायला माझी जीभ वळणार नाही, म्हणून लिहितेय. परवा असोद्याला घरी गेले होते. आईने भरीत केलं होतं. मी पहिला घास घेण्याआधीच तिने विचारलं, मेघा कशी आहे? मिरचीही तुझ्या आवडीची घातली होती, माझ्या ताटात! माझ्या पोटात दुखलं ते काही मिरचीने नाही.

एम.एस्सी.ला नोट्स माझ्या आणि नाव तुझं. आता तर तू नुसत्या ढवळण्यातून नवल काढलंस. ज्या रेणूंना स्वतःचा डावा-उजवा पीळ नाही, ते द्रावण थंड होताना उजवीकडे ढवळलं की उजव्या वेण्या घालतात, डावीकडे ढवळलं की डाव्या. आणि त्यांतून निघणारा प्रकाशही त्याच अंगाने फिरत येतो. शालिग्राम सर आपल्या दोघींचे गाईड, पण तुझं हे सांगताना नुसते खुलतात. माझ्या पाच वर्षांच्या कामाला ते एकदाच 'ठीक आहे' म्हणालेत. मी जळते तुझ्यावर, सरळच लिहिते.

म्हणून तुझा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी त्यातला हा प्रयोग इथे जळगावला पडताळायचं सरांनी ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. उजवीकडे ढवळलं, प्रकाश डावा आला. तीनदा. 'निष्कर्ष जुळत नाही' असं मी लिहून दिलं. तू धुळ्याहून फोनवर रडलीस, मी तुझी समजूत घातली, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

आमच्या ढवळायच्या यंत्राची मोटार त्याआधीच जळली होती. पंखे दुरुस्त करणाऱ्या भटूभाऊंनी ती बसवून दिली आणि "ताई, आते बठ्ठं बराबर शे" म्हणत सगळं ठीक असल्याची ग्वाही देऊन गेले. वायरी उलट जोडल्या होत्या. बटण उजवीकडे, बाटलीतला ढवळणारा चुंबक डावीकडे. दुसऱ्या खेपेला बाटलीत वरून डोकावले तेव्हाच मला ते दिसलं. म्हणजे तुझंच खरं होतं. तिसऱ्यांदा मी सगळं माहीत असून ढवळलं. आज सकाळी सरांना हे सांगितलं. ते माझ्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले. या प्रयोगाचं प्रकरण तू प्रबंधातून काढणार आहेस, म्हणून हे पत्र. काढू नकोस. तुझ्यासाठी आनंद झाला असं लिहायला कितीतरी वेळ पेन धरून बसले. नाही झाला गं. तरीही काढू नकोस.

जळकी, पण तुझीच,
ऋतिका