आईची पिवळी बोटं

जळगाव, गुरुवार, १२ सप्टेंबर १९९१

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या प्लेट्स उघडल्या. आईच्या पायावरून घेतलेली बुरशी त्यांत वाढवली होती आणि वर हळदीचा काढा घातला होता. बुरशी आहे तशीच, उलट फोफावलीय. 'हळदीचा परिणाम नाही' असं वहीत लिहिलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आई चुकली म्हणून? मी अशी का आहे?

केळीच्या बागेला पाणी भरून भरून तिला चिखल्या झाल्यात. शिरपूरहून आली तेव्हा बोटांच्या बेचक्यांत हळद भरलेली होती. ती पिवळी बोटं. चादरीला डाग पडतात म्हणून मीच हळद बंद करायला लावली.

संध्याकाळी तिला निकाल सांगितला. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "पानीमा हयद कशी उतरी व माय? तेलमा कढावनी पडस."

हळदीतलं औषधी द्रव्य पाण्यात विरघळत नाही, हे दरवर्षी मी मुलांना शिकवते. आणि काढा केला तो पाण्यात.

मग तेलात हळद कढवली, कोमट केली आणि तिच्या पायाशी बसले. तिने पाय ओढून घेतले. "ऱ्हाऊ दे. तुनी चादर खराब व्हई जाई."

त्याच चादरीवर तिचे पाय घेतले. बोटं पुन्हा पिवळी झाली. माझीही. साबणाने डाग जाणार नाहीत. उद्या वर्गात खडू धरताना दिसतील.

दिसू देत.