जिवंत माणसाची श्रद्धांजली

३ मार्च
फ्लेक्स छापायचं नवं मशीन बसलं. दहा फुटी. गोकाकहून आलो तेव्हा भाड्याच्या खोलीत लग्नपत्रिका छापायचो. गंगव्वानं मशीनला विभूती लावली. म्हणाली, "आता तरी तुम्हाला कानडी अण्णा म्हणायचं सोडतील?" बायकोला काय सांगू? म्हणेनात का, फ्लेक्स तर माझ्याकडूनच नेतात. दिवसभर छाती फुगलेली. खोटं कशाला बोलू.

९ मार्च
विक्रांत आला. नगरसेवक जयसिंगरावांचा पुतण्या, जुनं गिऱ्हाईक. डोळे लाल. "अण्णा, काका गेलं. अटॅक." मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मयताच्या फ्लेक्सला ॲडव्हान्स नाही, प्रश्न नाहीत, बाकी कामं बाजूला. हा माझा नियम, त्यावरच या गावात पाय रोवले. म्हादबानं, माझ्या ऑपरेटरनं, लगेच काढून दिला. मोठा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली. संध्याकाळी चौकात लागलासुद्धा.

१० मार्च
जयसिंगराव जिवंत आहेत! मुंबईहून पहाटे आले, चौकात चहाला उतरले ते स्वतःच्याच श्रद्धांजलीखाली.
दुकान उघडतोय तोवर त्यांच्या मागं फिरणारी पोरं आली. काठ्या, एक कोयता. नव्या मशीनचा चुराडा. "कुणी दिली ऑर्डर? बोल की!" नाव घेतलं तर विक्रांतला कापतील, हे दिसत होतं. मला मारलं. डावा कान अजून वाजतोय.
मग म्हादबाला धरलं. फ्लेक्सच्या कोपऱ्यांना पितळी रिंग मारायचं यंत्र आहे, त्याखाली त्याचा हात दाबला. "सांगतोस का मारू रिंग?" मी "थांबा" म्हणेपर्यंत मारलीसुद्धा. तळव्यात आरपार. काय ओरडला तो...
हँडल दुसऱ्यांदा वर गेलं, आणि मी नाव सांगितलं.

११ मार्च
विक्रांतला रंकाळ्याजवळ गाठलं. मानेवर, खांद्यावर वार. शुद्ध नाही. काकांनी निवडणुकीचं तिकीट स्वतःच्या पोराला दिलं म्हणून जळफळाट, त्यातून हा उद्योग. गाढव! चिडायचं तर भांडायचं होतं. मला कशाला मध्ये घेतलं?
दवाखान्यात म्हादबाजवळ बसलो. रिंग कापून काढली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पडला होता. मग म्हणाला, "अण्णा, जरा आधी सांगाय पायजे हुतं." थोड्या वेळानं, "न्हायतर सांगायचंच नव्हतं."
दोन्ही खरं. तोंड वर करवेना.

१२ मार्च
इन्स्पेक्टर येऊन गेले. दुकानात कोण कोण होतं? विक्रांतचं नाव कुणापुढं घेतलं? डोळ्यांपुढं अंधारी आली होती म्हणालो. ते हसले. "आठवंल. परवा सकाळी जबाब घ्यायला येतो."
तोंडं सगळी आठवतात. निम्म्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मीच केलेत.
गंगव्वा म्हणाली, गोकाकला जाऊ. कुणाकडं जाऊ? तिथं आता मला कोण ओळखतं? ताट भिरकावलं. भात मीच गोळा केला.

१३ मार्च
ज.रा. स्वतः दुकानात. पेढे घेऊन.
"अण्णा, पोरं जरा तापट हायत. मशीन मी नवं बसवून देतो. आता मी जित्ता हाय हे गावाला दिसाय पायजे की. उद्या सकाळी सगळ्या चौकांत माझा फ्लेक्स लाव. आनि शुभेच्छुकांत पयला फोटो तुझा."
"माझा कशाला, दादा?"
"का? तू आता आमचाच की!"
माझ्या हातावर पेढा ठेवला. मागं तोच उभा, म्हादबाला रिंग मारणारा, मोबाइल बघत. मी पेढा खाल्ला. लाज वाटते लिहायला, पण खाल्ला.

१४ मार्च
म्हादबा नाही, म्हणून फाइल मीच केली. मधे ज.रा. हात जोडून. खाली पहिला मी. आधार कार्डावरचा फोटो घासूनपुसून लावला. नावाखाली काय लिहू कळेना. ज.रां.नी फोनवर सांगितलं, "उद्योजक ल्ही."
या गावाची तोंडं इतकी वर्षं छापली, त्यांत माझं कधीच नव्हतं. बरं दिसतंय. हेच वाईट आहे.
विक्रांत अजून शुद्धीवर नाही.
मागच्या खोलीतलं, मोडतोडीतून वाचलेलं जुनं मशीन चालू करून ठेवलंय. बाहेर जीप थांबली. इन्स्पेक्टर उतरतायत. फाइल पडद्यावर तशीच आहे, प्रिंट अजून दिलेली नाही.